तुमची चिठ्ठी मी घेतली नाही

हनीफचाचा,

आज सकाळी कंपनीचा मेल आला. तुमच्या नावाचा, पण एक प्रत मला. खातं मीच काढून दिलं होतं ना, म्हणून. मजकूर असा की, आपलं भाडं जमा झालेलं नाही, परवापर्यंत झालं नाही तर आपण साठवलेलं सगळं कायमचं पुसलं जाईल. खाली लिहिलंय, काही अडचण असल्यास कळवा, आम्ही मदतीला आहोत. मी कळवलंय, चाचा. सात वेळा कळवलंय. अडचण एवढीच आहे की तुम्ही नाही.

तुमचा चाळिसाव्या दिवसाचा विधी अजून व्हायचा आहे. कंपनीनं तो आधीच उरकायचं ठरवलेलं दिसतंय.

मी अशी बोलते म्हणून तुम्ही रागावणार नाही हे मला ठाऊक आहे. उलट "हे पोट्टी तोंडानं फाटकी हाय, पण पोटात काई नाई," असं लेकीला, नसरीनला, सांगून हसला असता. नसरीन हल्ली तुमच्या अकोल्याच्या ऑफिसात तुमच्या खुर्चीवर बसत नाही. शेजारी प्लास्टिकची खुर्ची ओढून घेते आणि तिथूनच बोअरच्या गाड्यांना फोन लावते. धंदा ती चालवणार हे तुम्ही असतानाच ठरलं होतं. फक्त ज्याच्या जोरावर चालवायचा ते माझ्या त्या क्लाउडात अडकून पडलंय, आणि परवा ते जाणार.

बत्तीस वर्षांच्या नोंदी आहेत त्यात. कोणतं गाव, कोणाचं वावर, किती फुटांवर काळी माती संपली, कुठं मुरूम लागला, कुठं पाषाण, आणि शेवटच्या रकान्यात पाण्याची चव. गोड, मचूळ किंवा खारं. पूर्णेच्या काठच्या आपल्या खारपाणपट्ट्यात हा शेवटचा रकानाच खरा. वर थोडं गोडं पाणी आणि त्याच्या खाली मीठ. हावरेपणानं वीस फूट जास्त गेलं की होतं ते गोडंही नासतं, आणि ते पाणी ज्या वावरात फिरतं त्या मातीचीही वाट लागते. खोल जायला काय, मशीन कोणाचीही जाते. कुठं थांबायचं ते तुम्हाला कळत होतं, आणि शेजारच्या धुऱ्यावर, बांधाला लागून, दहा वर्षांपूर्वी तुम्ही कुठं थांबला होतात ते त्या नोंदीत होतं.

मी तुम्हाला पहिल्यांदा पाहिलं ते दर्यापूरकडे, मामाच्या वावरात. आठवीत असेन. तुमची गाडी धडधडत होती, सगळ्यांच्या अंगावर दगडाची पांढरी भुकटी बसली होती. पाणी लागलं तशी तुम्ही मशीन बंद करायला लावली, ओंजळीत पाणी घेतलं, जिभेवर ठेवलं, थुंकलं, पुन्हा घेतलं. मामा म्हणाला, "अजून खाली जा ना हनीफभाई, पानी कमी वाटून राहिलं." तुम्ही म्हणालात, "इथीच थांबतो. खाली मीठ हाय." फुटावर पैसे घेणारा माणूस कमी फुटांवर थांबतोय हे काही मामाला पटेना. मग तुम्ही माझ्या तळहातावर पाणी ओतलं. "पोरी, तू सांग. गोड हाय का नाई?" मी चाखून म्हटलं, गोड आहे. "बस! पोट्टीनं सांगतलं. आता काई बोलू नका." मामाच्या त्या बोअरचं पाणी आम्ही अजून पितो.

त्यानंतर इतक्या वर्षांनी मी तुमच्या ऑफिसात आले ती क्लाउड विकायला, म्हणजे लोकांच्या नोंदी कंपनीच्या हैदराबादच्या मशीनवर भाड्यानं ठेवून द्यायला. पुण्यात सहा वर्षं तेच केलं होतं. तिथं गिऱ्हाईक फोनवरच हो म्हणायचं. महिन्याला किती आणि कधीपासून, एवढे दोन प्रश्न. अमरावतीला परत येऊन स्वतःचं ऑफिस थाटलं तेव्हा वाटलं होतं, इथं तर रान मोकळं आहे, कोणीच विकत नाही. कोणीच का विकत नाही हे वर्षभरात समजलं. अंजनगाव सुर्जीचा एक अडत्या सगळं शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला, "म्हंजे माह्या धंद्याचं सारं कोन्या दुसऱ्या गावच्या गोडाऊनात राहीन? चाला मंग, एकडाव पाहून येऊ." दाखवता येत नाही म्हटल्यावर त्यानं मला चहा पाजला आणि वाटेला लावलं. चिखलदऱ्याच्या हॉटेलवाल्यानं विचारलं, "पावसायात चार-चार दिवस लाइन नसते मॅडम. गिऱ्हाइकाले कोनती खोली देल्ली हे मी हैदराबादले विचारू काय?" मी घरी येऊन बाबांकडे कुरकुर करायचे, की आपली माणसं मागासच राहणार. बाबा वलगावच्या घरी बसून तूर निवडत राहायचे.

तुमच्याकडे मी तीच कुरकुर केली. तुमच्या वह्या वाळवीनं खाल्ल्या म्हणून तुम्ही आधीच कॉम्प्युटर घेतला होता. उरल्यासुरल्या वह्या नसरीननं दोन उन्हाळे बसून त्यात उतरवल्या होत्या आणि मग वाळवीसकट जाळून टाकल्या होत्या. आणि रोज संध्याकाळी त्या सगळ्याची नक्कल एका डिस्कवर घेऊन, ती डिस्क रुमालात गुंडाळून, स्टीलच्या डब्यात घालून तुम्ही घरी न्यायचात. सकाळी परत. सगळी गल्ली ओळखायची तो डबा. मी हसले होते. तुम्ही म्हणालात, "हस. पन माही दुकान मी संगं घेऊन झोपतो. तुही दुकान कुठी झोपते?"

मग आपलं ते भांडण सुरू झालं जे अजून मिटलेलं नाही. मी सांगत होते, की कॉम्प्युटरची मशीन विकत घेण्यात पैसा अडकतो, ती बिघडते, दर चार-पाच वर्षांनी नवी लागते. त्यापेक्षा भाडं बरं. तुम्ही सगळं ऐकून घेतलं आणि म्हणालात, "बेटा, तुह्या पुन्यातल्या मानसायले दर महिन्याले पगार भेटते, म्हनून त्यायले दर महिन्याचं भाडं समजते. आमच्या इकडे महिना नसते. हंगाम असते. माही गाडी फेब्रुवारी ते जून चालते. पाऊस पडला का उभी. मंग तुह्या कंपनीचं भाडं बाराही महिने काहून चालू?"

इतकी वर्षं मी ज्याला मागासपणा म्हणत होते तो साधा हिशेब होता, आणि तो मला पुण्यात कोणी शिकवला नव्हता. पण तेव्हा मी तसं कबूल केलं नाही. तुम्ही म्हणालात, "कंपनीले विचार, बोअरवाल्याले पाच महिन्याचा दर देते का." मी म्हटलं, विचारते.

मी कधीच विचारलं नाही, चाचा. दर भेटीत तुम्ही आठवण करायचात, "विचारलं काय व?" आणि मी म्हणायचे, वर पाठवलंय, उत्तर यायचंय. काही पाठवलं नव्हतं. कंपनीच्या पुण्यातल्या साहेबाला हसू येईल एवढीच माझी भीती. परवा सातव्या फोनच्या शेवटी, का कोण जाणे, मी विचारून टाकलं. पलीकडची मुलगी म्हणाली, असा पर्याय सध्या उपलब्ध नाही. तेव्हा उत्तर आलंय. तुम्हाला द्यायचं राहिलं.

तरी तुम्ही क्लाउड घेतलंत. भांडण अर्ध्यावर सोडून एक दिवस म्हणालात, "आन कागद. त्या दिवशी तू गोड म्हनलं आन मी थांबलो. आता तू घे म्हनून राहिली, तं घेतो." अकोल्यातलं माझं पहिलं गिऱ्हाईक तुम्ही. मी मनाशी ठरवलं, बाकीच्यांचं काहीही होवो, हनीफचाचांचं काम अगदी पुण्याच्या रीतीनं करायचं. एकही चूक नको.

चूक तिथंच झाली.

आपल्याकडे पासवर्ड कॉम्प्युटरवाल्याकडेच असतो. लोक एका कागदावर लिहून आणून देतात, "तुमच्यापाशीच राहू द्या मॅडम, आमच्या ध्यानात नाई राहत." दवाखानेवाले देतात, कृषी केंद्रवाले देतात, एका लग्नाच्या हॉलवाल्यानं तर बँकेचाही देऊन ठेवलाय. माझ्या टेबलाच्या खणात एक जाड डायरी आहे, त्यात सगळ्यांचे आहेत. पुण्यात हे ऐकून लोक कपाळाला हात लावतील. तुम्हीही तसेच आलात. पिवळ्या बिलाच्या मागच्या बाजूला लिहिलेली चिठ्ठी, चार घड्या घातलेली, माझ्यापुढे धरलीत. मी हात मागे घेतला. "चाचा, मला नाही द्यायचा. मलाच काय, कोणालाच नाही. नसरीनलाही नाही. खातं तुमच्या नावावर आहे, मालक तुम्ही आहात. उद्या मी तुम्हाला अडवून धरलं तर?" तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. "तू मले अडवशीन?" मी म्हटलं, अहो, तो नियम आहे. तुम्ही चिठ्ठी परत खिशात घातलीत आणि म्हणालात, "ठीक हाय बाप्पा. मंग मी खाऊन टाकतो ते."

आपण दोघं केवढे हसलो होतो.

डायरी आत्ताही समोर आहे. सगळ्यांचे पासवर्ड आहेत तिच्यात, फक्त तुमचा नाही. ज्यांच्याबद्दल मला काडीचंही प्रेम नाही अशा माणसांची सगळी दुकानं मी या क्षणी उघडू शकते.

तुमचा फोन तुमच्या अंगठ्यानं उघडायचा आणि खात्याची दुसरी चावी, पासवर्ड नसला तरी आत सोडणारी, त्या फोनात होती. हे तुम्हाला सांगायचंच राहिलंय. मी निरोप मिळाल्याबरोबर अमरावतीहून निघाले, दवाखान्यात पोचले तेव्हा तुम्ही गेलेले होतात. चादरीबाहेर तुमचा उजवा हात होता. नसरीनच्या हातात तुमचा फोन होता आणि तो सारखा वाजत होता. त्या वेळी मला ते सुचलं. खरंच सुचलं, चाचा, दुसरं तिसरं काही सुचायच्या आधी. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. बोलले असते तर चाललं असतं की नाही, कोण जाणे. पण मी बोलले नाही. त्यात माणुसकी किती होती आणि भित्रेपणा किती, ते मला अजून ठरवता येत नाही. नसरीनला हे मी सांगितलेलं नाही. तिनं मग अंदाजानं आकडे दाबून पाहिले, तिचा जन्म, तिच्या अम्मीचा, पहिल्या गाडीचा नंबर. शेवटी फोन कायमचा कुलूपबंद झाला.

भाडं थांबलं ते तिच्या सरळपणामुळे. तिनं बँकेत जाऊन तुम्ही गेल्याचं सांगितलं. बँकेनं खातं थांबवलं, कंपनीला पैसे जाईनात. आम्ही दुसरीकडून पैसे भरायला तयार आहोत, हातात घेऊन बसलोय, पण पैसे भरायलासुद्धा आधी आत जावं लागतं. कंपनी म्हणते, वारस असल्याचा कोर्टाचा कागद आणा. तो मिळायला कित्येक महिने लागतील असं वकील म्हणाला. आणि तो कागद मिळाला तरी त्यावर मोहम्मद हनीफ शेख असं नाव येईल. खात्यावरचं नाव आठवतं? मी फॉर्म भरताना विचारलं तर तुम्ही म्हणालात, "हनीफ बोअरवाले लिव. सारं अकोला त्याच नावानं ओयखते." मी तसंच लिहिलं. सारं अकोला ओळखतं, चाचा. कंपनी ओळखत नाही.

मदतकेंद्रातली मुलगी मात्र आवाजानं फार गोड होती. म्हणाली, तुमचं दुःख मी समजू शकते, खातेदारांना एकदा फोनवर घेता का?

मागच्या आठवड्यात थोडी आशा वाटली होती. ते सांगायला जीभ रेटत नाही, पण सांगते.

तुम्ही क्लाउड घेतल्यावरही डबा नेणं सोडलं नव्हतं. मी बाजारात जिथं जाईन तिथं लोक म्हणायचे, "मॅडम, हनीफभाईच अजून डबा नेऊन राहिले, तं आमी काहून घ्यावं?" मला राग आला. तुमच्याकडे येऊन म्हटलं, सगळं वर सुरक्षित आहे, आणि हा डबा कोणी पळवला तर? दुसरा बोअरवाला तुमची बत्तीस वर्षं फुकट घेऊन जाईल. पुसून टाका ती डिस्क. कारण मी असं सांगितलं. खरं कारण माझा धंदा होता. तुम्हाला ते कळलं होतं का? मला वाटतं कळलं होतं. तुम्ही एवढंच म्हणालात, "तुनं म्हनलं ना? मंग पुसतो." मी पुसायचा प्रोग्रॅमही देऊन गेले. जुना कॉम्प्युटर तुम्ही भंगारात दिलात, आता गरज काय म्हणून. दुसऱ्या दिवसापासून तुमच्या हातात डबा दिसला नाही आणि त्या वर्षी अकोल्यात माझी चार गिऱ्हाइकं वाढली.

तर मागच्या आठवड्यात नसरीन फोनवर म्हणाली, "दीदी, डबा हाय! अब्बाच्या स्कूटीच्या डिक्कीत. रोज नेत होते ते, मले काल समजलं." मी तशीच निघाले. मूर्तिजापूर येईपर्यंत मी बसमध्ये एकच घोकत होते, की चाचांनी माझं ऐकलेलं नसू दे. सारा वऱ्हाड माझं ऐकत नाही, अंजनगाव ऐकत नाही, चिखलदरा ऐकत नाही, या एका माणसानंही ऐकलेलं नसू दे. आयुष्यात पहिल्यांदा मी असं काही मागत होते.

डबा टेबलावर होता. रुमाल धुतलेला, घडी नीट. आम्ही डिस्क लावली.

रिकामी होती, चाचा. पुसलेलं परत आणायचे जे काही प्रकार असतात ते मी चार दिवस केले. काही मिळालं नाही. मी दिलेला प्रोग्रॅम चांगला होता.

नसरीननं डब्याला झाकण लावलं. मग म्हणाली, "मंग रिकामीच काहून नेत होते रोज?" तिची अम्मी दारात उभी होती. ती म्हणाली, "मैंने भी पूछा था. बोले, आदत है, हात खाली लगता है."

मी त्या घरात रडले नाही. त्या दोघी असताना मी कुठल्या तोंडानं रडणार? बसमध्ये रडले. तुम्ही माझं ऐकलंत आणि तरी तो रिकामा डबा तीन वर्षं माझ्यापासून लपवून नेलात, माझी गिऱ्हाइकं जाऊ नयेत म्हणून. भांडण करायला तरी उरायचं होतंत. मी म्हटलं असतं, चाचा, तुमचं बरोबर होतं, आणि तुम्ही ते ऐकून गालातल्या गालात हसला असता. माझ्यावर इतका विश्वास कोणी टाकला नव्हता, आणि आता कोणी टाकावा असं मला वाटतही नाही.

काल नसरीननं तुमच्याशिवाय पहिला बोअर घेतला. पूर्णेकाठचं गाव, आगाऊ सांगून ठेवलेलं काम, टाळता येण्यासारखं नव्हतं. मालक सारखा विचारत होता, "बाजूच्या वावरात हनीफभाईनं किती फुटावर थांबवलं होतं?" ते तिला सांगता येईना. मी कशाला गेले होते कुणास ठाऊक, उगीच धुऱ्यावर उभी होते. पाणी लागल्यावर तिनं मशीन थांबवली, ओंजळीत घेतलं, जिभेवर ठेवलं, थुंकलं, पुन्हा घेतलं. मग माझ्या तळहातावर ओतलं. "दीदी, तुमी सांगा."

मी चाखलं. मला गोड वाटलं आणि मागून काहीतरी वाटलं. आठवीत होते तेव्हा मी पटकन सांगितलं होतं. काल मला सांगता आलं नाही. तिनं पुढं न जाता तिथंच थांबवलं, ते बरोबर झालं की चूक, हे उन्हाळ्यात कळेल.

मग तिनं गाडीच्या बॉनेटवर एका बिलाच्या मागं लिहिलं. गाव, वावर, फूट, माती, पाषाण. शेवटच्या रकान्यात लिहिलं, मचूळ, आणि पुढं प्रश्नचिन्ह काढलं. तुमच्या बत्तीस वर्षांच्या नोंदींत प्रश्नचिन्ह एकदाही नव्हतं, चाचा. कागदाच्या घड्या घालून तिनं माझ्यापुढं धरला आणि अगदी साधेपणानं विचारलं, "दीदी, हे आता कुठी ठेवू?"

इतकी वर्षं मी याच एका प्रश्नाचं उत्तर विकत आले.

या खेपेला मी हात मागे घेतला नाही. कागद माझ्या पर्समध्ये आहे. कुठं ठेवायचा ते मला कळत नाही.